रिकाम्या कोपऱ्यामागची अक्षरं

१

चित्राच्या पाठीवर अक्षरं लिहिण्यात कसलं आलंय कौशल्य, असं लोकांना वाटतं. वाटू दे. रेबकोंग गावातल्या त्या घरात हे काम दोन भाऊ मिळून करायचे, आणि रंग देताना गप्पा मारणारे दोघेही या कामाला बसले की चिडीचूप असायचे.

थांगका, म्हणजे कापडावरचं देवतांचं चित्र, रंगवून झाला, की चौकटीत दोऱ्यांनी ताणलेलं कापड माडीवरच्या खिडकीसमोर उभं करायचं. थोरला पुढे बसायचा, खिडकीकडे पाठ करून. धाकटा चाकथर कापडाच्या मागे. चित्रात जेवढे म्हणून बुद्ध आणि देवता असतील, त्या प्रत्येकाच्या कपाळामागे ॐ, गळ्यामागे आः आणि छातीमागे हूं लिहावा लागतो. त्याशिवाय ते नुसतं रंगवलेलं कापड. आता मागच्या बाजूने कपाळ कुठे नि गळा कुठे हे कळणार कसं? ऊन असलं तर कापडातून रेषा दिसतात. नसलं तर थोरला पुढून बोटाने दाबायचा, मागे इवलासा फुगवटा यायचा, आणि त्या फुगवट्यावर चाकथर लाल हिंगुळाने अक्षर काढायचा. दाबून झालं की थोरला बोट किंचित वळवायचा. 'कळलं का रे बैला?' असा त्याचा अर्थ. इतक्या वर्षांत चाकथर कधी चुकला नव्हता. बोट दाबलं जायचं, हात चालायचा, मधे डोकं यायचंच नाही.

थोरल्याचं नाव इथे घेत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची आपल्याकडे चाल नाही. हिवाळ्यात खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला, आणि ओढ्यावरचा बर्फ फुटायच्या आत त्याला डोंगरावर नेऊन पोहोचवलं. मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूंनी, आकू लोद्रेंनी, पोथी बघून सांगितलं, की त्याच्या पुढच्या जन्मासाठी अमिताभाचा थांगका करा, आणि एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत त्याची प्रतिष्ठा व्हायला हवी. तोवर माणूस अधांतरी असतो.

घरात चित्रकार उरला एकच. चाकथरने कोळशाची काडी घेतली आणि काम सुरू केलं. आयुष्यभर त्याने दादाच्या रेषांत रंग भरला होता. आता रेषाही त्याच्याच होत्या, आणि बऱ्या येत होत्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. दादा गेला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. सरणाच्या सामानाची, लोणी-चहाची, भिक्षूंच्या जेवणाची व्यवस्था त्याने चोख केली. गावात बायका म्हणाल्या, दगड आहे मेला. भिक्षू म्हणाले, शहाणा आहे. रडण्याने जाणाऱ्याची वाट अडते. चाकथरला दोन्ही ऐकू आलं आणि दोन्ही खरंच वाटलं.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, हिरव्या कुरणावर, ज्याच्यासाठी चित्र आहे त्याची हात जोडलेली छोटी आकृती काढायची या घराची रीत. या वेळी आकूंनी बजावलं होतं, "तेवढं काढू नकोस. सख्ख्या भावाच्या हातून ते नको." म्हणून तिथे त्याने नुसतं गवत रंगवलं. एक फूलसुद्धा नाही.

२

अक्षरं लिहायच्या दिवशी बर्फ पडत होता. आभाळ खाली उतरलेलं, कापडातून रेघसुद्धा दिसेना. मुहूर्त मात्र त्याच दिवसाचा. शेवटी चाकथरने वहिनीला हाक मारली.

लुमोछो या घरात आली तेव्हा चाकथरचे दुधाचे दात पडत होते. नवरा गेल्यापासून ती निम्मी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"कुठून सुरू करू?" पुढच्या चौरंगावर बसत तिने विचारलं.

"मधल्या मोठ्या बुद्धापासून. कपाळ, गळा, छाती. मग आपले बाजूचे, मग वरचे, मग खालचे. आणि हळू. कणीक मळायची नाहीये."

"बघितलंय मी. तुझा दादा इथे बसायचा तेव्हा चहा कोण आणायचं?"

"चहा आणणं वेगळं."

"वेगळंच. चहा तुम्हाला लागायचा."

चाकथर मागे जाऊन बसला. कापडाचा पांढरा पडदा, चारही बाजूंना ताणलेल्या दोऱ्या, हातात बारीक कुंचला. पलीकडून वहिनी पुटपुटली, "कपाळ." कापडावर फुगवटा आला. त्याने ॐ काढला. "गळा." आः. "छाती." हूं.

तिचा दाब भित्रा होता. बोट टेकायचं नि लगेच पळायचं. सुरुवातीला चाकथरला दोनदा 'परत दाब' म्हणावं लागलं. मग हळूहळू लय लागली. तिने बोलणं थांबवलं, त्यानेही. बर्फामुळे बाहेर कसलाच आवाज नव्हता. फुगवटा, अक्षर. फुगवटा, अक्षर. खालची ओळ आली तसे फुगवटे छान ठसठशीत येऊ लागले. बाई शिकली म्हणायची, असं त्याच्या मनात आलं. शेवटचा हूं काढून तो थांबला. आणखी फुगवटा आला नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

त्याने कुंचला वाटीच्या काठावर टेकवला.

"वहिनी, झालं का?"

जिन्यावर पावलं वाजली. लुमोछो वर आली, हातात चहाची वाफाळती किटली.

"कधीचं झालं," ती म्हणाली. "मी म्हटलं की, 'झालं, दूध उतू जाईल, मी चालले.' ऐकलं नाहीस होय?"

३

चाकथरने चौकट फिरवून बघितली. मग पुन्हा फिरवली. समोरून आकृत्या मोजल्या, मागून अक्षरं. समोरच्या प्रत्येक आकृतीमागे तीन अक्षरं होती, जिथल्या तिथे. फक्त मागून उजव्या हाताला, अगदी खाली, तीन अक्षरं जास्त होती. ॐ, त्याखाली आः, त्याखाली हूं. हिंगुळ अजून ओला होता. पुढच्या बाजूला त्या जागी होतं रिकामं गवत.

"इथे दाबलंस तू?"

लुमोछोने वाकून बघितलं. "इथे? इथे कोण आहे दाबायला?"

"मी लिहिलंय ना. फुगवटा आल्याशिवाय लिहीन का मी?"

"मग तुझं तुलाच ठाऊक. मी खालच्या डाकिनी देवतेच्या छातीवर दाबलं आणि उठले. वय झालं तुझं, चाकथर. चहा घे."

त्याने चहा घेतला. तिचं म्हणणंच खरं असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. सकाळपासून मान वाकवून बसलोय. पांढऱ्या कापडाकडे एकटक बघितलं की डोळ्यांपुढे काहीही उठतं. दोरी सैल झाली तरी कापडाला फुगा येतो. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि त्याने ते पटवूनही घेतलं. पण कुंचला धुताना त्याच्या हाताला ते आठवलं. शेवटच्या तीन फुगवट्यांवर लिहिताना, दर वेळी, बोट उचललं जायच्या आधी किंचित वळलं होतं. कळलं का रे बैला?

त्याने कुंचला पुसला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं. आत कुठे काही हललं नाही.

"वहिनी," तो जिन्यावरून खाली बघत म्हणाला, "तू कुणाजवळ बोलू नकोस हे."

"काय बोलायचंय? दीर वेड्यासारखं लिहीत बसला म्हणून?" ती चुलीत गोवरी सारत होती. मग मान वर न करता म्हणाली, "चित्र चुकलं नाही ना रे? त्याला अडायला नको. तो कुठेतरी रस्त्यात, थंडीत उभा नसावा, एवढंच आहे माझं. दुसरं काही मागत नाही मी."

"चुकलं नाही," चाकथर म्हणाला.

४

माडीवरून खाली उतरताना लागणाऱ्या दाराची वरची चौकट ठेंगणी आहे. या घरातला प्रत्येक माणूस तिथे जन्मात एकदा आपटतो आणि मग आयुष्यभर वाकून जातो. चाकथर दुसऱ्या दिवशी सकाळी आपटला. आवाज झाला तो खाली लुमोछोला ऐकू आला. तो खाली येऊन चुलीपाशी बसला आणि सातूचं पीठ मळायला लागला.

"अरे देवा! रक्त!" ती ओरडली.

"कुठे?"

"कुठे काय विचारतोस? कपाळावर! डोळ्यात उतरतंय!"

त्याने हात लावला. हाताला ओलं लागलं. कपाळाला काहीच लागलं नाही. दोन भुवयांच्या जरा वर, बोटाच्या पेरापुरती एक जागा होती, तिच्यावर त्याने नख दाबून बघितलं. दुसऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसं वाटलं. थंडीने बधिर झालं असेल, तो म्हणाला. लुमोछोने राख लावून फडकं बांधलं आणि दिवसभर त्याला शिव्या घातल्या.

मग चहाचं झालं. तिने उकळता वाडगा पुढे ठेवला आणि वळून दुसरा ओतेपर्यंत याने पहिला रिकामा केला होता. ती बघतच राहिली.

"घसा आहे की गटार? जळला नाहीस?"

"निवलेला होता."

ती आपल्या वाडग्यात बोट बुडवायला गेली आणि चटका बसून हात झटकला. चाकथर तिच्या बोटाकडे बघत राहिला. त्याच्या जिभेला पोळलं होतं. पुढे घशात काही नव्हतं, चहा कुठून गेला हे कळलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी दुपारी लुमोछोने नवऱ्याचे लोकरी नमद्याचे बूट मठात द्यायला काढले. डावा बूट तळव्याशी शिवलेला होता, तिनेच शिवलेला. ती बूट मांडीवर घेऊन बसली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. रडायचं नाही म्हणून तिने ओठ आत घेतले, तरी आवाज फुटलाच. चाकथर समोर होता. दादाचे बूट, दादाची बायको, आणि आपण. त्याने आपल्या छातीत बघितलं, जिथे काहीतरी असायला हवं तिथे. तिसरी बधिर जागा तिथे होती. ती केव्हापासून होती हे मात्र त्याला सांगता येईना. अक्षरं लिहिली तेव्हापासून, की दादाला डोंगरावर नेलं तेव्हापासूनच?

संध्याकाळी दोघं चुलीपाशी बसले असताना माडीवर दोऱ्या करकरल्या. चित्र ताणलेलं असलं की दोऱ्या वाजतातच. हवा बदलली, ओल आली, की करकरतात. पण हा आवाज चाकथरच्या ओळखीचा होता. कापडावर कुणी बोट टेकवलं की त्या बाजूची दोरी अशी एकदा बोलते, आणि बोट काढलं की पुन्हा एकदा.

लुमोछोने वर बघितलं. मग त्याच्याकडे.

"उंदीर," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि चुलीत गरज नसताना गोवरी सारली.

५

आकू लोद्रे मठाच्या ओट्यावर उन्हात बसून तपकीर ओढत होते. चाकथरला बघून हसले.

"काय रे, कपाळावर काय उगवलंय?"

"माडीचं दार लागलं, आकू."

"जन्म गेला त्या दारातून जाण्यात. आता या वयात उंची वाढली म्हणायची!"

चाकथर खाली बसला. कसं सांगावं याची त्याने वाटेत तयारी केली होती. बोटाचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. "चित्राच्या मागे एक जागा जास्त लिहिली गेली," तो म्हणाला. "ॐ आः हूं, तिन्ही. पुढे तिथे कुणी नाही. रिकामं कुरण आहे."

आकूंचा तपकिरीचा हात नाकाशी थांबला. "लिहिली गेली? की लिहवून घेतली?"

चाकथर ओट्यावर सांडलेली तपकीर बोटाने गोळा करू लागला.

"बाकीच्यांना अक्षरं दिलीस ती त्यांच्या अंगी लागली," आकू सावकाश म्हणाले. "ही कुणाच्या अंगी लागली?" आणि काय वाटलं कुणास ठाऊक, म्हाताऱ्याने फडकं वर सारून अंगठ्याने त्याच्या कपाळावरच्या ताज्या जखमेवर चांगला जोरात दाबला. "दुखतं?"

"नाही."

आकूंनी हात काढून घेतला. अंगठा आपल्या वस्त्राला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"खरवडू नकोस," ते मग म्हणाले. आवाजातली थट्टा गेली होती. "अक्षर आहे ते, खरवडलं तर पाप. पांढरी माती नि सरस कालव आणि वरून हात फिरव. शिंपी अस्तर लावायला यायच्या आत. वरून खाली, तिन्ही. एक जरी राहिलं तरी तो तिथून हलायचा नाही. बाकीचा प्रवास राहिला बाजूला, तिथेच बसेल."

"आणि मला? मला काय होईल?"

"तुला काय व्हायचंय? तुझं जे बधिर झालंय ते परत मिळेल." आकू त्याच्याकडे बघत होते. "सगळं परत मिळेल, चाकथर. तुझ्या लक्षात येतंय का मी काय म्हणतोय ते? तू अजून रडला नाहीस."

"तुम्हीच सांगता रडू नका म्हणून."

"सांगतो. आमचं ते कामच. आता दुसरं सांगतो. ते आलं की येऊ दे, कितीही आलं तरी. आणि झाकताना पलीकडून काही झालं, तर ओ देऊ नकोस. हात थांबवू नकोस. तुझ्यावर जीव आहे त्याचा, म्हणून तर जास्त सांभाळायचं."

चाकथर उठला. निघताना आकू पाठीमागून म्हणाले, "मी येऊ का सोबत?"

"नको," तो म्हणाला. "एवढं जमेल मला."

६

शिंपी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. चाकथरने पांढरी माती खलली, सरस कोमट केला, दोन्ही एकत्र करून फडक्यातून गाळलं. लुमोछो शेजारणीकडे लोण्याच्या दिव्यांच्या वाती वळायला गेली होती. घरात तो एकटा. बर्फ वितळला होता, पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, आणि उतरतं ऊन खिडकीतून थेट आत येऊन चित्राच्या तोंडावर पडलं होतं.

तो मागे जाऊन बसला. आज कापडातून सगळं दिसत होतं. मधला बुद्ध, बाजूचे बोधिसत्त्व, कमळं, सगळं उलटं आणि पुसट, अक्षरं मात्र लालभडक. उजव्या हाताला खाली ती तीन. त्यांच्याभोवती कुरणाचा सपाट उजेड.

त्याने कुंचला भरला आणि ॐवरून फिरवला.

कपाळ पेटलं. आतापर्यंत न जाणवलेली जखम एकदम ठणकली, फडक्याखाली सुजलेली कातडी ताणली गेली, आणि चाकथरच्या तोंडून 'आई ग' निघून गेलं. मग त्याला जवळजवळ हसू आलं. दुखतंय की! म्हणजे आकू म्हणाले ते खरं. त्याने दुसरा हात दिला, ॐ पूर्ण गेला. आः वरून कुंचला फिरवल्याबरोबर घसा सोलवटल्यासारखा झाला. चहाने पोळलेलं सगळं मागाहून मिळालं. त्याने आवंढा गिळला आणि तो खाली जाताना लागला.

आता हूं.

त्याने कुंचला पुन्हा भरला. तेवढ्यात दोरी करकरली.

कापडावर, बरोबर हूंवर, फुगवटा आला. घाई नव्हती त्यात. बोट टेकलं आणि राहिलं. आणि आज ऊन होतं, त्यामुळे नुसता फुगवटा नव्हता. बोटामागे सावलीची मूठ होती. मुठीमागे मनगट, मग कोपर. त्याच्या वर, चौरंगावर बसून पुढे वाकणाऱ्या माणसाची मान. लांब. या घराण्यात अशी मान एकाचीच होती. डोकं किंचित कललेलं, कापडापलीकडून धाकट्याचं काम कसं चाललंय ते ऐकावं तसं.

ही सावली आहे, चाकथरने मनाशी म्हटलं. खिडकीत काहीतरी आलं असेल. दोरीवरचं फडकं, शेजारचं कुत्रं. उठून दोन पावलं पुढे जाऊन बघितलं की झालं. तो उठला नाही.

कारण कुंचल्याचं टोक हूंच्या कडेला लागलं होतं, आणि तेवढ्यानेच सुरुवात झाली होती. अगदी थोडी. लहान असताना नदी ओलांडताना दादाने त्याला पाठुंगळी घेतलं होतं. दादाच्या मानेला घामाचा आणि शेळीच्या चरबीचा वास होता. एवढंच आठवलं. पण ते छातीत असं घुसलं, की त्याला श्वास घेता येईना. आणि याच्यामागे बाकीचं सगळं होतं. खोकल्याच्या रात्री. दादाचं 'पाणी दे रे'. डोंगरावरून परत येताना मागे वळून न बघणं. सगळं दाटीवाटीने उभं होतं, आणि मधे फक्त ते एक अक्षर.

चाकथरला भीती वाटली. किती दिवसांनी वाटली, आणि ती दादाची नव्हती.

एक हात फिरवायचा होता. एवढंसं काम, लहान मूलसुद्धा करेल. तो दादाला जाऊ देणार होता. त्यासाठीच तर हे चित्र, त्यासाठीच वहिनी उपाशीतापाशी बसली आहे. त्याने कुंचला टेकवला. छातीत ते पुन्हा उसळलं. त्याने कुंचला मागे घेतला आणि ते निवलं. पुन्हा टेकवला. पुन्हा घेतला.

पलीकडचं बोट तिथेच होतं. वाट बघत होतं. मग ते वळलं, किंचित.

"कळलं, दादा," चाकथर म्हणाला.

त्याने कुंचला खाली ठेवला, आपलं बोट उचललं, आणि अलीकडून त्या फुगवट्यावर टेकवलं. कापडाच्या पलीकडे ऊब होती. तो तसाच बसून राहिला. ऊन सरलं, सावली खोलीच्या अंधारात मिसळून गेली. छातीत पुन्हा शांत झालं, काहीच उरलं नाही.

७

सकाळी शिंप्याने चित्र चौकटीतून सोडवलं, भोवती जरीचं कापड जोडलं आणि मागून अस्तर लावून टाकलं. "मागे पांढरं कसलं फासलंय?" त्याने टाके घालताना विचारलं. "चूक झाली होती," चाकथर म्हणाला, "झाकली." शिंप्याने मान डोलावली. चुका सगळ्यांच्याच होतात. हूं अस्तराखाली गेला.

प्रतिष्ठेला मठातून भिक्षू आले. आकू लोद्रेही आले. आल्या आल्या त्यांनी चाकथरचं कपाळ चाचपलं आणि तो कळवळला, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "शाबास," ते म्हणाले. "मला काळजी होती रे." दुसरीकडे कुठे हात लावून बघावं, असं त्यांना सुचलं नाही. मंत्र झाले, चित्रासमोर धरलेल्या आरशावर पाणी ओतलं, तांदूळ उधळले. अमिताभाच्या तोंडावर लोण्याच्या दिव्यांचा उजेड हलत होता. सगळ्यांनी चित्राची स्तुती केली. रेषा थेट थोरल्याच्या वळणाच्या उतरल्यात, असं एक जण म्हणाला. कुरणाच्या कोपऱ्याशी येऊन शेजारचं पोर मात्र थबकलं आणि आईच्या झग्यामागे गेलं. आईने त्याला दटावलं.

पाहुणे मटणाची हाडं चोखून, चहा पिऊन निघून गेले. लुमोछो भांडी आवरता आवरता थांबली. हात पुसून चाकथरसमोर येऊन बसली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"गेला ना रे तो?"

तिचे डोळे सुजलेले होते. गेल्या कितीतरी दिवसांत ती धड झोपली नव्हती, दर संध्याकाळी माडीकडे कान लावून बसली होती. एवढा एक शब्द मिळाला की ती झोपणार होती.

"गेला, वहिनी," चाकथर म्हणाला. "सरळ गेला."

लुमोछोने त्याचे दोन्ही हात धरले, त्यांवर कपाळ टेकलं आणि रडली. आता रडायला हरकत नव्हती. खूप रडली. मग तिथेच चुलीशेजारी आडवी झाली, आणि चाकथरने तिच्या अंगावर घोंगडं घालेपर्यंत तिचा डोळा लागलाही होता. झोपेत ती एकदा हसली.

तो तिच्या उशाशी बसला. एवढं खोटं बोलल्यावर माणसाला काहीतरी होतं, हे त्याला ठाऊक होतं. लाज वाटते. त्याने झग्यात हात घालून छातीवर ठेवला आणि शोधलं. कातडी थंड होती. मग तळहाताखाली, आतल्या बाजूने, कातडीला इवलासा फुगवटा आला.